पुढली दोन अक्षरं

यादीत अकरा नावं होती आणि ती पारूबाईनं सगळ्यांसमोर वाचावीत, असं गावानं ठरवलं होतं. बहात्तरचा दुष्काळ जाणत्या वयात पाहिलेली माणसं गावात आता चारदोनच उरली होती. त्यातल्या दोघांना ऐकू येत नव्हतं आणि एकाला काही आठवत नव्हतं. राहिली पारूबाई. शिवाय तिला वाचता येत होतं. चाळिशी उलटल्यावर, डोक्यात पांढरं दिसायला लागल्यावर, ती दिवेलागणीच्या साक्षरता वर्गात पाटी घेऊन बसली होती आणि एका हिवाळ्यात बाराखडी पुरी केली होती. शाळेच्या सुकेशनी बाई अजून पोरांना तिचं नाव सांगायच्या. या आज्जी बघा, म्हणायच्या, शिकायला वय लागत नाही.

दगड बसवायची कल्पना पारूबाईच्या नातीची. भक्ती नर्स होऊन आयर्लंडला गेली होती. तिथल्या एका लहानशा गावात जुन्या गरीबखान्याची भिंत होती आणि भिंतीशी एक दगड. त्यावर नुसती पोरींची नावं. पावणेदोनशे वर्षांपूर्वी तिथं बटाट्यावर रोग पडला, माणसं उपासानं मेली आणि गरीबखान्यातल्या आईबापाविना पोरी जहाजात बसवून ऑस्ट्रेलियाला धाडून दिल्या. भक्तीनं त्या दगडाचा फोटो गावाच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, आपल्या गावातनं दुष्काळात गेलेल्यांचं कुठं काहीच नाही. फोटो बघून तिचा बाप आदिनाथ उठला. दुष्काळी कामावर बांधलेल्या पाझर तलावाच्या भरावावर आपणही दगड लावू, म्हणाला. आणि यादीसाठी एक नाव त्यानं स्वतःच सांगितलं. त्याच्या आतेबहिणीचं.

शाळेच्या ओट्यावर पंधरावीस माणसं बसली होती. पारूबाईनं चष्मा लावला आणि बोट ठेवत वाचायला सुरुवात केली. सुकेशनी बाईंनी प्रत्येक नावापुढं वय आणि त्यापुढं एकदोन शब्द लिहिले होते. गेला. वारला. गेली. परत आला नाही. समोर बसलेल्या धम्मपालच्या आज्याचं नाव आलं तेव्हा धम्मपालनं टोपी काढली. सातव्या ओळीवर तिचं बोट थांबलं.

सोजर. वय नऊ. हरवली.

"वाच की माय," आदिनाथ म्हणाला.

पारूबाई म्हणाली, डोळ्याला पाणी आलंय, दिसंना. आणि ते खरंच आलं होतं, त्यामुळं कुणाला संशय येण्याचं कारण नव्हतं. आदिनाथनं पुढं होऊन तिच्या हातातला कागद घेतला आणि मग सगळ्यांना सांगितलं, नेहमी सांगायचा तसंच. तो पाळण्यात होता. आईबाप मेलेली सोजर त्यांच्याच घरी वाढत होती. तिच्या मामीनं, म्हणजे त्याच्या आईनं, तिला चुडाव्याच्या टेशनावर नेलं होतं, कामाच्या शोधात निघालेल्या माणसांची ही गर्दी, आणि त्या गर्दीत पोरीचा हात सुटला. त्याचा बाप, आश्रुबा, अकरा दिवस हिंडला. पूर्णा बघितलं, नांदेड बघितलं, परभणीच्या टेशनावर रात्री काढल्या. मरेपर्यंत गाडीची शिट्टी वाजली की बाप जेवता जेवता थांबायचा. बायांनी पदर डोळ्याला लावला. एकजण पारूबाईच्या पाठीवर हात फिरवायला लागली आणि तिला वाटलं, हा हात आता काढून टाकावा. पण ती बसून राहिली.

हात सुटला नव्हता.

त्या वर्षी घरात काय होतं, तर मिलो. तांबडी, कडवट, परदेशातनं आलेली ज्वारी. आश्रुबा लांबच्या कामावर खडी फोडायला गेलेला, पंधरा दिवसांनी यायचा. घरात बावीस वर्षांची पारूबाई, अंगावर पिणारा आदिनाथ आणि सोजर. दूध आटलं होतं. गावच्या तलावाच्या कामावर पोरांसाठी सुकडी वाटायचे. गोडसर पीठ, माणशी एक वाटी. सोजर आपली जर्मनची, ॲल्युमिनियमची वाटी घेऊन रांगेत उभी राहायची आणि मिळालेली सुकडी चिमटीचिमटीनं, दुपार संपेपर्यंत खायची. तिचा चावण्याचा बारीक आवाज व्हायचा. तो आवाज पारूबाईला सहन व्हायचा नाही. पुढं सगळं आयुष्य तिनं स्वतःला सांगून बघितलं की भुकेनं करायला लावलं. पण भुकेनं सगळं करायला लावलं नव्हतं. उपासानं कोणी मेलं नसतं. कसंबसं, पण तिघंही जगली असती. तो आवाज बंद व्हावा, एवढंच तिला एका सकाळी वाटलं होतं.

चुडाव्याला मोठ्या शहरातल्या कुठल्या संस्थेची माणसं येणार आहेत, निराधार पोरं नेतात, खायला घालतात, शिकवतात, असं कामावर कुणी बोललं होतं. पारूबाईनं सोजरची वेणी घातली. शाळा बघून यायची, म्हणाली, सांजच्याला परत. सोजरनं वाटी चुलीपाशी पालथी घालून ठेवली, म्हणजे आल्यावर सापडावी.

टेशनावर लिंबाच्या झाडाखाली एक कारकून लाकडी खोक्यावर कागद ठेवून बसला होता. त्यानं मुलीचं नाव, वय, गाव विचारलं, सांगणारीचं नाव लिहून घेतलं. मग वर बघून विचारलं, "तुम्ही हिच्या कोण?"

"कोनी न्हाई," पारूबाई म्हणाली. "शेजारची."

कारकुनानं ते लिहिलं आणि रीत म्हणून सगळं वाचून दाखवलं. या मुलीला आईबाप नाहीत आणि हिचं कोणीही नातलग हयात नाही. सोजर पारूबाईला खेटून उभी होती. तिला वाटलं, साहेबाच्या हातून चूक झाली. ती घाईघाईनं, मदत करावी तशी म्हणाली, "हाय की. ही मामी हाय माझी."

कारकुनाचा हात थांबला. त्यानं पारूबाईकडं बघितलं. पोरं काहीबाही बोलत्यात, असं काहीतरी पारूबाई पुटपुटली आणि शाईत अंगठा बुडवून कागदावर दाबला. ती अडाणी होती. पण कागदावर काय आहे ते तिला वाचून दाखवलं होतं.

तेव्हा छोटी, मीटरगेजची लाईन होती. गाडी हळू निघायची, पळत पळत बराच वेळ सोबत जाता यायचं. पारूबाई पळाली नाही.

आश्रुबाला तिनं हात सुटल्याचं सांगितलं. सोजरचं नाव कामावरच्या यादीत तसंच राहिलं होतं, ते कुणी काढलं नाही. पारूबाई दोन महिने तीच जर्मनची वाटी घेऊन सोजरच्या नावची सुकडी आणत राहिली आणि पाण्यात कालवून आदिनाथला चाटवत राहिली. तो बाळसं धरायला लागला.

दीड वर्षानं एक पत्र आलं. आश्रुबा रानात होता. पोस्टमन म्हणाला, वाचून दाखवू का. पारूबाई नको म्हणाली. कुणाकडून वाचून घेणार? ज्याला वाचता येत होतं त्याला कळलं असतं. तिनं पत्र पत्र्याच्या पेटीत लुगड्यांखाली घातलं आणि वीस वर्षं ते तिथं होतं. आश्रुबा वारल्यावर गावात साक्षरतेचा वर्ग निघाला, तेव्हा ती सगळ्यांच्या आधी जाऊन बसली. गाव म्हणालं, काय बाईची हौस. तिला सगळी अक्षरं येईपर्यंत दम निघाला नाही. निम्मी आली तेव्हाच तिनं दार लावून पत्र काढलं. तीन दिवस लागले. कुमारी सोजर हिची प्रकृती चांगली आहे. तिला परदेशी एका कुटुंबाकडे पाठवण्याचे ठरले आहे. मुलगी मामा-मामी आहेत असे सांगते, तरी आपणांस काही माहिती असल्यास किंवा कोणाची हरकत असल्यास एक महिन्यात कळवावे.

कुठल्या देशात, ते लिहिलेलं नव्हतं. एक महिना कधीच संपला होता. पारूबाईला आयुष्यात पहिलं सबंध वाक्य वाचता आलं ते या पत्रातलं.

यादीची एक प्रत आदिनाथनं घरी आणून खुंटीला अडकवली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी भक्तीचा व्हिडिओ कॉल आला. तिकडं सकाळ होती आणि ती कामावर जाताना त्या दगडाजवळून चालली होती. थांब आजी, तुला नीट दाखवते, म्हणून तिनं फोन फिरवला. ओली काळी भिंत, त्यापुढं दगड, त्याच्या बुडाशी कुणी ठेवलेली पिवळी फुलं. भक्ती सांगत होती की प्रत्येक पोरीला एक लाकडी पेटी दिली होती. त्यात कपडे, बूट, आणि झाकणावर रंगानं तिचं नाव. पेटी बरी दिली म्हणायची, पारूबाईच्या मनात आलं. सोजर मोकळ्या हातानं गेली होती.

"वर काय लिवलंय?" तिनं विचारलं.

"वर लिहिलंय, इथून पाठवलेल्या मुली."

"पाठवलेल्या?"

"हो. इंग्रजीत 'सेंट' लिहिलंय."

"हरवलेल्या न्हाई लिवलं?"

भक्ती हसली. "हरवलेल्या कशा, आजी? कागद करून, नाव लिहून पाठवलं त्यांना."

पारूबाईनं फोन जवळ धरला. मग तिनं विचारलं, ज्यांनी पाठवल्या त्यांची नावं दगडावर हायत का. भक्ती म्हणाली, नाहीत, ती मोठ्या साहेबांची नावं पुस्तकात असतील. पारूबाईनं आणखी विचारलं, त्या समद्यांना खरंच कुणी नव्हतं? भक्तीला हे कधी सुचलं नव्हतं. ती म्हणाली, काहींना असेलही. एखादी आई जिवंत असेल, एखादी मावशी. दुष्काळात काय, आजी, कुणाचा इलाज होता. तिला उशीर होत होता. तिनं फोन ठेवला.

खुंटीवरच्या कागदासमोर पारूबाई उभी राहिली. हरवली. चार अक्षरं. पोरच हरवली, मग कुणाला काय विचारणार. पोर स्वतःच गर्दीत शिरली, हात सोडवून घेतला, असं तो शब्द म्हणत होता. पन्नास वर्षं पोरीच्याच माथी मारलेलं आता दगडावर कोरलं जाणार होतं. तिनं मनातल्या मनात पाटी धरली आणि शब्द मोडला. ह, र, व, ली. आणि दुसरा. पा, ठ, व, ली. शेवटली दोन अक्षरं तीच होती. पुढली दोनच बदलायची होती.

आदिनाथला सांगावं म्हणून ती त्या संध्याकाळी दोनदा त्याच्यापाशी जाऊन बसली. पहिल्यांदा तो फोनवर मंडपाचं बोलत होता. दुसऱ्यांदा त्यानं फोन ठेवला आणि विचारलं, काय माय. त्याचं तोंड भरलेलं, गुटगुटीत होतं. लहानपणापासून तसंच. ती म्हणाली, काही न्हाई, चहा ठेवू का.

सकाळी ती रिक्षानं चुडाव्याला गेली. टेशनाकडं न बघता रस्ता ओलांडला. लिंबाजीचं पत्र्याचं शेड पलीकडंच होतं. पाट्या-वरवंट्याला टाकी लावण्यापासून समाधीच्या दगडापर्यंत सगळी कामं तो करायचा. काळा दगड दोन विटांवर आडवा होता, अक्षरं खडूनं काढून झाली होती आणि पहिल्या तीन ओळी कोरूनही झाल्या होत्या.

"या मावशी. तपासणीला आलाव का?" लिंबाजी म्हणाला. "काना-मात्रा हलली न्हाई बघा. आपल्याला वाचता कमी येतं, पण बघून काढायला कुणाच्या बापाला ऐकत न्हाई."

पारूबाई म्हणाली, सातव्या ओळीत एक शब्द सुधारायचाय. लिंबाजी म्हणाला, ते सुकेशनी बाईंनी सांगायला पाहिजे, कागद त्यांचा. आणि इथं पारूबाईनं पुन्हा तेच केलं जे तिला येत होतं.

"बाईंनीच पाठवलं मला," ती म्हणाली.

लिंबाजीचा लगेच विश्वास बसला. सगळ्या गावात शिकलेली म्हणून नाव असलेली म्हातारी. तिनं जिभेला अंगठा लावला आणि ह पुसला, मग र. पाटी अशी पुसायची नाही म्हणून वर्गातल्या मास्तरनं तिला किती वेळा टोकलं होतं. मग खडू घेऊन तिनं तिथं पा काढला आणि ठ काढला. ठ जरा कलंडला.

"पाठवली," लिंबाजीनं अक्षरं लावत वाचलं. "शेवटली दोन तीच. काम वाचलं आपलं." मग त्यानं वय बघितलं. "नऊ वर्षांची. कुठं पाठवली, सासरी?"

"न्हाई."

त्यानं छिन्नी लावली. पारूबाई पहिला ठोका पडेपर्यंत थांबली. परत येताना तिला वाटलं होतं काही हलकं होईल, पण तसं झालं नाही. खरं लिहायलासुद्धा ती खोटं बोलून आली होती.

मार्चच्या पहिल्या रविवारी पाझर तलावाच्या भरावावर मंडप पडला. तलावात पाणी कमी होतं, काठाला भेगा होत्या. तालुक्याहून एक साहेब आले होते. त्यांच्या हातून दगडावरची शाल काढली. आदिनाथनं फोन उंच धरला होता, फोनमध्ये भक्ती होती. पारूबाईला पहिल्या रांगेत खुर्ची दिली होती, साहेबांच्या शेजारी. तिचाही सत्कार होता.

सुकेशनी बाई दगडासमोर उभ्या राहून नावं वाचायला लागल्या. प्रत्येक नावानंतर त्या जरा थांबत होत्या. सातव्या ओळीवर त्या जास्त थांबल्या. कागदात बघितलं, दगडात बघितलं.

"सोजर, वय नऊ, हरवली," त्यांनी कागदावरून वाचलं आणि मग अवघडून लोकांकडं वळल्या. म्हणाल्या, माफ करा, कोरताना इथं चूक झालेली दिसते, दुरुस्त करून घेऊ.

सगळ्यांनी लिंबाजीकडं बघितलं. तो मंडपाच्या खांबाशी नवीन सदरा घालून उभा होता. त्याचंही कौतुक व्हायचं होतं. मागं कुणीतरी म्हणालं, लिंबाजी, सकाळीच घेतली हुतीस का. लोक हसले. लिंबाजीनं पारूबाईकडं बघितलं. ती काही बोलेल म्हणून तो थांबला. ती बोलत नाही असं दिसल्यावर त्यानं मान खाली घातली आणि म्हणाला, "झाली असंल बाई. आपल्याला वाचता कमी येतं."

असंच तिनंही म्हटलं असतं, कुणी कधी विचारलं असतं तर. अडाणी बाई, कागदावर काय होतं काय ठाऊक. पन्नास वर्षं हे उत्तर तिनं तयार ठेवलं होतं. शिकल्यावरही टाकून दिलं नव्हतं. आज ते दुसऱ्याच माणसाच्या तोंडातनं आलं, आणि ते किती सोपं होतं ते तिला पहिल्यांदा बाहेरून दिसलं. बाई पुढच्या नावाकडं वळल्या होत्या. नुसतं बसून राहिलं असतं तरी भागलं असतं.

पारूबाई खुर्चीला धरून उठली.

"लिंबाजीची चूक न्हाई," ती म्हणाली. "मी बदलून घेतलं. बाईंचं नाव सांगून, लबाडीनं. त्याला हसू नका."

तिचा आवाज मोठा नव्हता. माईकही नव्हता तिच्यापुढं. पण शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं.

"पोर हरवली न्हवती. तिचा हात सुटला न्हवता. मी तिला या चुडाव्याच्या टेशनावर नेली आन् दिली. अंगठा लावून दिली."

"माय," आदिनाथ म्हणाला. त्याचा फोन धरलेला हात हळूहळू खाली आला.

तिनं त्याच्याकडं बघितलं नाही, बघितलं असतं तर पुढचं बोलता आलं नसतं. ती म्हणाली, तुझ्या बापाला ठावं न्हवतं. तो खराच हुडकत हिंडला. तिला ती पालथी वाटी सांगायची होती, दोन महिन्यांची सुकडी सांगायची होती. ते तिला सगळ्यांसमोर सांगता आलं नाही. ते घरी, एकट्या आदिनाथला सांगावं लागेल, तो ऐकायला थांबला तर. मघाशी तिच्या खुर्चीला टेकून उभी असलेली एक शेजारीण दोन पावलं मागं सरली होती. आदिनाथच्या हातातल्या फोनमधनं भक्तीचा आवाज येत होता, पप्पा, काही दिसत नाही, काय झालं, कोण बोलतंय.

तालुक्याचे साहेब परगावचे. त्यांना नीट उलगडा झाला नव्हता. ते खुर्चीतनं जरा पुढं झुकले आणि अदबीनं, कागदपत्रात विचारतात तसं त्यांनी विचारलं, "आजी, तुम्ही त्या मुलीच्या कोण?"

पारूबाईनं दगडाकडं बघितलं. कलंडलेला ठ तिला बसल्या जागेवरूनही वाचता आला असता.

"मामी," ती म्हणाली. "मी मामी हाय तिची."